साडूचा कोलस्लॉ आणि माझा कोलस्लॉ

२ फेब्रुवारी, रविवार

मला साडूचा मत्सर वाटत नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

आज त्याच्याकडे जेवायला. टेबलावर बरंच काही होतं, पण सगळ्यांचे डोळे एका काचेच्या बाउलकडे. कोलस्लॉ. म्हणजे कच्चा कोबी, कच्चं गाजर आणि वरून मेयोनेज. यात स्वयंपाक कुठे आला? गॅससुद्धा पेटवावा लागत नाही. त्यात त्याने अननसाचे तुकडे टाकले होते. मेव्हणी म्हणाली, भाऊजी, हा आंबटगोड ट्रॉपिकल टच आहे. टच!

सासूबाई गेल्यापासून सासरे चिमणीएवढं जेवतात. आज त्यांनी कोलस्लॉ दोनदा मागून घेतला. वर म्हणाले, असं काही ताटात असलं की माणूस दोन घास जास्त जेवतो. म्हणताना साडूच्या पाठीवर हात. वास्तविक त्यांच्या शेजारी मी बसलो होतो. माझी पाठ ओलांडून हात पलीकडे गेला.

चव म्हणाल तर ठीक. घरी येताना बायकोने विचारलं, मग तीन वेळा का घेतलात? म्हणालो, एकदा खाऊन मत बनवणं अन्यायाचं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

परिस्थितीचा शांतपणे आढावा.

सासरे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लिफ्ट नाही, गुडघे संपलेत. दोन्ही मुली मागे लागल्यात, आता आमच्याकडे या. त्यांनी सांगितलंय की २ मार्चला, वाढदिवशी, काय ते ठरवून सांगतो. वाढदिवस आमच्याकडे आहे. म्हणजे होम ग्राउंड.

बायकोला वडील इथे हवेत. फार हवेत. काल रात्रीपासून तिचं तेच चाललंय. मला तीन कामं सांगितली: लहान खोलीतली खोकी आणि माझी व्यायामाची सायकल काढायची, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा आणि संध्याकाळी अधूनमधून बाबांकडे जाऊन बसायचं.

तिन्ही कामं होतील. पण मूळ मुद्दा तिच्या लक्षात येत नाहीये. दोन घास जास्त. माणूस जिथे जेवतो तिथे राहतो. सायकल काढून कोणी जेवत नाही.

निर्णय: २ मार्चला माझा कोलस्लॉ. साडूचा एक फळाचा. माझा चार फळांचा. अननस, आंबा, पपई, पॅशनफ्रूट. शिवाय नारळाचं दूध. टच वगैरे नाही. थेट धक्का.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला प्रयोग काल संध्याकाळी. मेयोनेज जड पडतं म्हणून दही आणि क्रीम वापरलं. ताजा अननस, ताजी पपई. मुरण्यासाठी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला.

सकाळी बाउलमध्ये पातळसर काहीतरी होतं आणि त्यात कोबी पोहत होता. चव कडू. साधी कडू नाही, औषधाच्या गोळीवर पाणी प्यायला विसरल्यासारखी.

मुलीने इंटरनेटवर बघून सांगितलं की न शिजवलेला अननस आणि पपई दुधाच्या पदार्थात ठेवले की तो कडू होतो. हे ती नाश्ता करताना, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. मी तिला सांगितलं की इंटरनेटवर काहीही लिहितात. माझ्या मते दोष फ्रिजचा. दाराचं रबरी गॅस्केट सैल झालंय.

बायको म्हणाली, एवढं आहे तर त्याला फोन करून विचारा ना, तो लगेच सांगेल.

नेमकं हेच तर. तो लगेच सांगेल. हसत सांगेल. वर विचारेल, दादा, मी येऊ का मदतीला?

८ फेब्रुवारी, शनिवार

बाजारात गेलो. बाथरूमचा दांडा घेतला. त्याच दुकानात कोबी कापायचं यंत्र दिसलं: लाकडी पाट, मध्ये तिरपं पातं. साडू सुरीने कापतो. कुठल्या जमान्यातला!

दुपारी यंत्र वापरलं. पहिला अर्धा कोबी अप्रतिम. धाग्यासारखा. दुसऱ्या अर्ध्यात माझ्या उजव्या अंगठ्याचा थोडा भाग.

नेमका तेव्हाच साडू आला. बाबांचा नवा चष्मा दाखवायला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे चष्मे दाखवण्याशिवाय त्याला उद्योग नाही. त्याने माझा अंगठा धुतला, पट्टी बांधली. बारीक स्क्रू हाताळायची सवय असल्याने पट्टी अगदी सुबक बसली. बायको दोनदा म्हणाली, किती छान बांधलीय. माझा अंगठा, माझं रक्त. कौतुक गाठीचं.

त्याने विचारलं, दादा, एवढा कोबी कशाला? मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलाय.

अंगठ्यामुळे दांडा बसवता आला नाही. पिशवीत आहे. सुरक्षित.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज कोलस्लॉ ऑफिसात नेला. आमच्याकडे पाण्याचे मीटर तपासतात. एका लांब बाकावर ओळीने मीटर लावायचे, पाणी सोडायचं, आकडे जुळतात का बघायचं. माणसं काटेकोर. त्यामुळे मतही काटेकोर मिळणार.

या वेळी दही नाही, मेयोनेज. पपई रद्द. (फ्रिजचा दोष असला तरी पपई तशी मिळमिळीतच.) पॅशनफ्रूट दुप्पट.

बाकावरच्या माझ्या जोडीदाराने पहिला घास घेतला आणि तोंडात कटकन आवाज झाला. त्याच्या दाढेतलं सिमेंट निघालं. पॅशनफ्रूटच्या बिया. मी त्याला म्हणालो, हाच तर कुरकुरीतपणा. तो गालावर हात ठेवून डेंटिस्टकडे गेला. उरलेल्यांनी जेवण झालंय म्हणून सांगितलं. साडेबाराला कोणाचं जेवण होतं?

साहेबांनी मात्र खाल्ला आणि म्हणाले, वेगळा आहे. वेगळा! साडूच्या कोलस्लॉला आजवर कोणी वेगळा म्हटलेलं नाही. सगळे नुसता छान म्हणतात. छान काय कोणीही म्हणतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

महत्त्वाचा शोध. माझ्या कोलस्लॉत आंबटपणा कमी पडतो. लिंबू उथळ, बाजारचं व्हिनेगर नाकात जातं. उत्तर: घरचं व्हिनेगर, अननसाच्या सालांचं. सालं, साखर, पाणी, बरणीत मुरवायचं. साडूला हे सुचणं शक्य नाही. तो सालं टाकून देतो. मी स्वतः त्याच्या कचऱ्याच्या डब्यात बघितलंय.

बरण्या लहान खोलीत ठेवल्या. तिथे ऊब चांगली. व्यायामाच्या सायकलच्या सीटवर एक आणि खोक्यांवर बाकीच्या. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, खोली रिकामी करायची होती ना? म्हणालो, हे सगळं बाबांसाठीच चाललंय.

तिच्याकडून कळलं की साडू रोज दुकान बंद करून सासऱ्यांकडे जातो. दोघं पत्ते खेळतात. कधी कधी नुसते गॅलरीत बसतात. म्हणे बाबा आईबद्दल बोलतात आणि तो ऐकतो.

म्हणजे उघड लॉबिंग. आणि तेसुद्धा रोज! मला असला खालच्या पातळीचा प्रचार जमणार नाही. माझा पदार्थ बोलेल.

बायको म्हणाली, तुम्हीही जा ना एखाद्या दिवशी. त्यांना बरं वाटेल. जाणार होतो. पण सालं दिवसातून दोनदा ढवळावी लागतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बरण्यांमध्ये बुडबुडे. वर फेस. वास आंबूस, थोडा बूट काढल्यावर येतो तसा. उत्तम प्रगती.

सालं गाळून पाणी बाटल्यांमध्ये भरलं. वास घरभर जातो अशी तक्रार आल्याने बुचं घट्ट लावली. वरून चिकटपट्टी. आता वास नाही, तक्रार नाही.

मेव्हणीचा बायकोला फोन. त्यांच्याकडे बाथरूममध्ये दोन दांडे बसवले, पलंगाचे पाय कापून उंची कमी केली, दारातला उंबरा घासून काढला. साडूने स्वतः केलं. फोन ठेवून बायकोने हे सगळं मला सांगितलं. मी म्हणालो, पलंगाचे पाय कापणारा माणूस उद्या काय कापेल सांगता येत नाही. ती हसली नाही.

दांडा रविवारी नक्की.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजचं लिहायचं नव्हतं.

सासरे खोली बघायला आले. साडूने गाडीतून आणलं. जिना उतरताना त्यांना एका बाजूने धरलं होतं म्हणे. त्याच्याशिवाय यांना जिना उतरवणारं कोणी नाही, असं दाखवायचं.

बायकोने सकाळी एकटीने निम्मी खोकी गॅलरीत नेली होती. खिडकीला पडदा लावला होता, निळा, बाबांना आवडतो तो. सासरे खोलीच्या मध्यभागी उभे राहिले, म्हणाले, उजेड छान आहे गं. बायकोचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. मी खोक्यावरच्या बाटल्यांकडे हात करून म्हणालो, आणि बाबा, हे तुमच्यासाठी खास.

तेवढ्यात पहिली बाटली फुटली.

बूच छताला लागलं. फेस पडद्यावर. सासऱ्यांनी दचकून सायकलचं हॅन्डल धरलं, पाय पॅडलवर टेकला; सायकल एका जागी उभी असली तरी पॅडल फिरतात, त्यामुळे तो सरकला. साडूने त्यांना मागून धरलं. मग दुसरी बाटली. मग एकदम दोन. खोलीत अननस, कुजकट सफरचंद आणि बूट असा एकत्र वास.

सासरे नवा चष्मा पुसत म्हणाले, काही नाही, काही नाही. साडूने रुमाल दिला. त्याच्याकडे चष्म्याचा खास रुमाल असतोच. तयारीनेच येतो.

जाताना साडूने फरशी पुसायला मदत करू का विचारलं. नको म्हणालो. त्याने तरी पुसली.

बायको बोलत नाहीये. माझ्या मते बुचांचा दर्जा खराब.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बायको आता बोलते. मीठ द्या, दार लावा, एवढंच.

पडदा धुतला, डाग गेला नाही. खोलीत मुंग्या. ऑफिसात आज एक मीटर उलटा लावला आणि पाणी मागे जाताना बघत बसलो. साहेब शेजारी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. विचारलं, कुठे लक्ष आहे? मी म्हणालो, आंब्याच्या फोडी आणि रस यांच्या प्रमाणाकडे. रजा घ्या म्हणाले.

रजा घेतली तर बाबांकडे जाता येईल, असं एक क्षण मनात आलं. पण नेमक्या त्या वेळेला तिथे साडू असणार. गॅलरीत दोनच खुर्च्या आहेत. मी काय उभा राहू?

१ मार्च, शनिवार. दुपारी चार

उद्याचा दिवस.

अंतिम पाककृती: कोबी, गाजर, मेयोनेज, अननस, आंबा, पॅशनफ्रूटचा नुसता रस (बिया गाळून, जोडीदाराच्या दाढेचा मान राखून), नारळाचं दूध, मोहरीची पेस्ट, लिंबू. व्हिनेगर उरलं नाही. छतावर आहे.

साडूही कोलस्लॉ आणणार म्हणे! बाबांना आवडतो म्हणून. मी बायकोला म्हणालो, हा शिष्टाचार आहे का? दुसऱ्याच्या घरी तोच पदार्थ? ती म्हणाली, त्याला माहीतच नाही तुम्ही करताय ते. तुम्ही त्याला डॉक्टरांचं कारण सांगितलंत.

कोबी कापून ठेवला. यंत्रावर, हातमोजे घालून. दांडा आज बसवणार होतो, पण हातमोज्यांत ड्रिल धरवत नाही.

२ मार्च, रविवार. सकाळ

सगळं एकत्र केलं. सुरेख दिसत होतं, पिवळं, केशरी, हिरवं. अंघोळ करून आलो तर अर्धा बाउल पाणी. कोबीने पाणी सोडलं. ज्या माणसाचं आयुष्य गळके मीटर पकडण्यात गेलं त्याच्याच बाउलला गळती!

पाहुणे अकराला. दाढी व्हायचीय. बायकोकडे नुसतं बघितलं. ती म्हणाली, तुम्ही तयार व्हा.

२ मार्च, रविवार. संध्याकाळ

जिंकलो!!

टेबलावर दोन बाउल शेजारी. एक त्याचा, एक माझा. माझा कोरडा, चकचकीत, कुरकुरीत. (नैसर्गिकरीत्या पाणी परत शोषलं गेलं असावं.) सासऱ्यांनी आधी त्याचा घेतला. छान म्हणाले. मग माझा घेतला. थांबले. पुन्हा घेतला. डोळे मिटले. म्हणाले, हा काय आंबटपणा आहे! जीभ जागी झाली. आणि तिसऱ्यांदा वाढून घेतला. तिसऱ्यांदा! तिकडे दोनदाच घेतला होता.

मेव्हणी म्हणाली, भाऊजी, कमाल. साडूने स्वतःचा बाउल बाजूला सारून माझा खाल्ला आणि म्हणाला, दादा, हरलो. मोठ्याने, सगळ्यांसमोर. मनापासून म्हणाला असं वाटलं, यातही त्याची काहीतरी चाल असणार, पण आत्ता शोधत बसत नाही.

मी उभा राहून चार शब्द बोललो. चिकाटी वगैरे.

मग सासऱ्यांनी घसा साफ केला आणि निर्णय सांगितला. म्हणाले, दोन्ही घरं माझीच. पण मी धाकटीकडे जातो. तिथे मला सवय झालीय. संध्याकाळी गप्पा होतात. बाथरूममध्ये धरायला आहे. मोठीने वाईट वाटून घेऊ नये.

मोठीने मान हलवली. म्हणाली, नाही बाबा, वाईट कशाला. आणि पाणी आणायला आत गेली. पाण्याचे जग टेबलावर भरलेले होते.

निघताना सासरे मला म्हणाले, तो कोलस्लॉ उरला असेल तर डबा भरून द्या. तिकडे नेतो.

३ मार्च, सोमवार

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. पदार्थाच्या बाबतीत निकाल स्पष्ट आहे. राहण्याचा विषय वेगळा. त्यात इतर घटक असतात: वास्तू, दळणवळण.

बायकोने आज डागाचा पडदा काढून घडी करून ठेवला. मी म्हणालो, राहू दे की. ती म्हणाली, कोणासाठी?

दांडा बसवला. व्यवस्थित बसला. मी स्वतः धरून दोनदा उठून बघितलं.

९ मार्च, रविवार

सासऱ्यांचं सामान आज साडूकडे गेलं. मला बोलावलं होतं. गेलो नाही, अंगठा अजून हुळहुळा आहे. बायको आणि मुलगी गेल्या, हसत परत आल्या. मुलगी म्हणाली, आजोबांनी काकांना पत्त्यांत हरवलं आणि सगळ्यांना नाचून दाखवलं. गुडघे संपलेला माणूस नाचतो? मग त्याला आमच्या बिनदांड्याच्या बाथरूमची काय अडचण होती?

१२ मार्च, बुधवार

साडूचा फोन. म्हणाला, दादा, बाबा रोज तुमच्या कोलस्लॉची आठवण काढतात, कसा करायचा सांगाल का?

काय हा क्षण! मी म्हणालो, जरा कामात आहे, थोड्या वेळाने सांगतो. कारण एक अडचण. ते पाणी गेलं कुठे, हे मलाही माहीत नव्हतं.

बायकोला विचारलं. ती कपड्यांना इस्त्री करत होती. म्हणाली, दुसरा कोबी कापून मीठ लावून ठेवला, मग फडक्यात घालून पिळला. अननस तव्यावर परतला. तुमच्या उरलेल्या रसात थोडी साखर घातली. आणि मेयोनेज निम्मंच घातलं. मी विचारलं, मग माझं काय राहिलं त्यात? ती विचार करून म्हणाली, गाजर.

मग विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही एवढे खूश होतात.

साडूला फोन करून सगळं सांगितलं. माझी पद्धत म्हणून. मधे एकदा तो म्हणाला, वहिनी पण असंच पिळतात नाही का? मी म्हणालो, माझ्याकडूनच शिकली.

१६ मार्च, रविवार

सकाळी सासऱ्यांचा फोन. स्वतः केला. आवाज खणखणीत. म्हणाले, जावईबापू, तुमच्या पद्धतीने याने कोलस्लॉ केला. अगदी तसाच झाला. खरं सांगू का, किंचित सरसच झाला.

मी म्हणालो, मी आज संध्याकाळी ताजा करून घेऊन येतो, मग ठरवू.

ते म्हणाले, नको हो, आणू नका काही. तुम्ही नुसते या. मी बोलावल्याशिवाय तुम्ही कधी येतच नाही. गॅलरीत तिसरी खुर्ची ठेवलीय.

फोन ठेवला. बायकोने विचारलं, काय म्हणाले? सांगितलं. ती म्हणाली, मग जा ना. नुसते जा.

दोघंही नुसते म्हणाले. यावर दुपारभर विचार केला. रिकाम्या हाताने कसं जायचं? तिथे साडू बाउल घेऊन बसलेला असणार आणि मी खुर्चीवर नुसता? शिवाय आणू नका म्हणताना त्यांचा आवाज जरा अडखळला होता. याचा अर्थ तिखट-आंबट पुरे झालं, आता गोड हवंय. सरळ आहे.

आंब्याचं पुडिंग. बाजारातून आंबे आणले. जिलेटीन भिजत घातलंय. सेट व्हायला वेळ लागेल, त्यामुळे आज जाणं जमणार नाही. पुढच्या रविवारी बघू. साडूला पुडिंग येत नाही, हे मी मेव्हणीकडून खात्रीने काढून घेतलंय.